आधी नंबर, मग मोर

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, तेव्हा माझ्या लॅपटॉपचं टर्मिनल साधं कसं असेल? कमांड टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत प्रत्येक ओळीआधी घड्याळ, बॅटरी, ज्वाळा आणि मोर. त्या गर्दीत आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते नाव दिसेना आणि मी ऑफिसचं भलतंच फोल्डर उडवलं. साहेब म्हणाले, "परत झालं तर घरी बसा."

चौक गावच्या गॅरेजात बाइक दुरुस्त होईपर्यंत मी टर्मिनलच्या सेटिंगची फाइल साफ करायला बसलो. शेजारी एक पेंटर टेंपोची पाठ रंगवत होता. ब्रश पँटला पुसायचा, दहा पावलं मागे जायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. तसंच त्यानं माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

"मोर मस्त हाय, सायेब. पण नंबर कुठं हाय?"

"कसला नंबर?"

"गाडी कुठली ते कळाया नको? आमी आधी नंबराची जागा सोडतो, मग मोर."

मी, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, त्याचं ऐकलं. सगळं उडवलं आणि फोल्डरचं नाव तेवढं ठेवलं.

"अरं रं, मोर पुसला?" तो कळवळला आणि आठवून आठवून तोच मोर टेंपोवर काढू लागला.

माझी नोकरी टिकली. माझा मोर कर्जत रस्त्यावर फिरतो, नंबराच्या वर, वीतभर जागा सोडून.