पाठीवरचा कार्डिओग्राम

माझी मावशी हृदयरोगाच्या हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढते. एकतीस वर्षं हेच काम. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली आहे. आत एक उंच पलंग, हिरवा पडदा, यंत्र आणि हात पुसायला फाटक्या चादरीचे तुकडे. पेशंट तिला सवयीने "ओ मावशी" म्हणतात आणि तिचं डोकं फिरतं. "मावशी मी फक्त एकीची आहे. तुम्ही टेक्निशियन म्हणा," असं ती त्यांना तोंडावर सांगते. ती एक म्हणजे मी.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञसुद्धा तिच्या दारावर टकटक करून आत येतात. घाबरलेल्या पेशंटला मात्र ती सगळं नीट समजावते. हृदयाची नळी थोडी तुंबली असेल तर गोळ्या, जास्त तुंबली तर फुगा घालून रुंद करायची आणि आत जाळी बसवायची, फारच ठिकाणी तुंबली तर बायपास, म्हणजे बाजूने नवा रस्ता. "यात मरण्यासारखं काय आहे? उशीर केला तर आहे," असं म्हणून ती त्याला पलंगावरून उतरवते.

तिचा सगळ्यात मोठा राग बायकांच्या कार्डिओग्रामवर. नव्या टेक्निशियन संकोचापायी बाईला ब्लाउज काढायला सांगत नाहीत. चकत्या वर कुठेतरी चिकटवतात, वायरी जोडतात आणि चुकीचा कागद काढून मोकळ्या होतात. अशी एक सापडली की मावशी सगळ्यांसमोर तिला विचारते, "लाज तुझी आणि जीव तिचा, होय गं?"

गेल्या वर्षी एका सोमवारी माझ्या आईची पाठ दुखायला लागली. आई मावशीची थोरली बहीण, घरी पडदे शिवते. दुखणं पाठीतून जबड्यापर्यंत यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. बाबा म्हणाले, गॅस. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला न लावला आणि तेही म्हणाले, गॅस, शिवाय मशिनवर वाकून बसता ना. मी म्हटलं, दोन दिवस शिवू नकोस. एवढं बोलून मी ऑफिसला गेले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गुरुवारी सकाळी आई दोन पायऱ्या चढून मटकन खाली बसली. घामाने थबथबली होती. मी तिला मावशीच्या हॉस्पिटलात नेलं. तातडीच्या विभागात कार्डिओग्राम झाला. तिथल्या तरुण डॉक्टरने कागद वरवर पाहिला आणि विचारलं, "घरी काही ताण? भांडण वगैरे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडे एक गृहस्थ छातीवर हात ठेवून आले, तर त्यांच्यासाठी खुर्ची धावत आली. आणि माझ्या आईला विचारायचं, भांडण झालं का! "कागद तसा ठीक आहे. ॲसिडिटीचं इंजेक्शन देतो, घरी न्या," तो म्हणाला. मी धावत जिन्याखाली गेले.

मावशी तशीच उठून आली. तिने कागद उजेडात धरला आणि आईला विचारलं, "ताई, दुखतंय कुठे?" आई म्हणाली, "पाठीत." मावशी डॉक्टरकडे वळली. "ती मागून दुखतंय म्हणते आणि तुम्ही पुढून बघताय? या पुढच्या रेघा खाली गेल्यात, त्या दिसत नाहीत?" त्याच्या परवानगीची वाट न पाहता तिने आईला कुशीवर वळवलं, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तीन चकत्या चिकटवल्या आणि कागद काढला. तो तिने त्याच्या नाकासमोर धरला. यातल्या रेघा वर चढलेल्या होत्या. त्याने लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

दहा मिनिटांत मोठे डॉक्टर आले. मनगटातून तार घातली, फुगा फुगवला, जाळी बसवली. बाहेर येऊन ते म्हणाले, "नळी मोकळी झाली. जीव वाचला. पण सोमवारपासून दुखत होतं, हृदयाच्या मागच्या भिंतीचा एक तुकडा गेला. तो परत येत नाही. गोळ्या कायमच्या, आणि दम लागणार."

मग मावशीने बाबांना धरलं. "कोण म्हणालं गॅस? कुणाच्या अकलेतून निघालं?" मग माझी पाळी. "तू घरात काय माश्या मारत होतीस?" तेही मी ऐकून घेतलं. संध्याकाळी आम्हाला आत सोडलं, तर ती आईवरही घसरली. "एकतीस वर्षं मी इथे काय गवत उपटते? मला एक फोन करता येत नव्हता?"

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला ते सहन झालं नाही. आईचा मोबाइल माझ्याकडेच होता आणि दुपारी त्यात मला एक नोंद दिसली होती. मी तो उघडून मावशीपुढे धरला. सोमवार, सकाळी अकरा वीस. मावशीलाच लावलेला फोन. दीड मिनिट.

मावशीने स्क्रीन वाचली. मग तिचा चेहरा पडला. "पलंगावर पेशंट होता," ती म्हणाली. "मी म्हटलं..."

"गॅस असेल, गोळी घे, म्हणालीस," आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण धारदार. आईला इतकं चिडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. "पाठीत दुखतंय हे मी तुला दोनदा सांगितलं. परक्या बायकांसाठी भांडतेस ना? मग माझं का नाही ऐकलंस?"

मावशीने तिचा हात धरायला हात पुढे केला. "ताई, चुकलं गं माझं."

आईने हात चादरीखाली ओढून घेतला. "यांनी नाही ऐकलं, डॉक्टरने नाही ऐकलं, मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "तू गॅस म्हणालीस, म्हणून मी तीन दिवस गप्प बसले."