हात कोणी बघायचे?

शेवटची गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर गेली, तरी यंत्रमाणसं तळहात पुढे करून उभीच होती. त्यांना घडवणारे साहेब रोज सकाळी हात बघून "ठीक" म्हणायचे, मगच ती चार्जिंगला जायची. मी तिथली स्वयंपाकीण.

"साहेब तुम्हाला टाकून गेले. चार्जिंगला जा, नाहीतर बंद पडाल."

"ठाऊक आहे, आजी. पण हात कोणी बघायचे?"

माझा मुलगा घर सोडून गेला, तरी मी त्याचं ताट मांडते. यांना काय शहाणपण शिकवणार? मी एकेकाचा हात धरून "ठीक" म्हटलं.

"तुम्ही आम्हाला घडवलं नाही, आजी."

एकानंच माझं ऐकलं. बाकीची उभ्याउभ्या बंद पडली. तो आणि मी उरलो.