गव्हर्नर आणि सुभेदाराची मुलगी

तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची बाजू घेऊन जिवंत बायकोशी भांडणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका माझा थोरला दीर निघाला. भाऊजी कॉलेजात इतिहास शिकवत. इंग्रज कंपनीच्या सुरुवातीच्या वसाहतींतले गव्हर्नर आणि फौजेचे कप्तान यांची भांडणं हा त्यांचा जीव की प्राण. सलामी कोणी चुकवली, कोणी कोणाला कोठडीत घातलं, हे ते गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी जेवताना असं सांगत, जणू सकाळीच शेजारच्या गल्लीत घडलं. आमटी गार होई. त्यांचा पक्ष कायम गव्हर्नरचा. "शिक्का गव्हर्नरकडे, पण तोफा कप्तानाकडे. तिथंच सगळं बिघडतं," म्हणून ते वहिनींकडे पाहत. वहिनी देवळालीच्या लष्करी तोफखान्यातल्या एका सुभेदाराची मुलगी. त्या म्हणत, "तोफा राहू द्या, ताट उचला." ते निमूट उचलत.

मग घरोघरी केबल आली. भाऊजींनी सकाळी वायर काढायला लावली, वहिनींनी संध्याकाळी जोडून घेतली. असं आठवडाभर चाललं. शेवटी कंटाळून केबलवाल्यानं विचारलं, "सर, तुमच्या घरात फायनल कोणाचं?" भाऊजी त्याच्यादेखत म्हणाले, "या घरात हुकूम माझा चालतो." वहिनींनी बॅग भरली आणि देवळालीला भावाकडे निघून गेल्या.

बायको रुसून माहेरी गेली की नवऱ्यानं आणायला जायचं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. भाऊजींनी मला पाठवलं, वकील म्हणून, तहाच्या अटी तोंडपाठ करून घेऊन. द्वारका चौकात बस बदलून मी गेले. वहिनींनी अटी शेवटपर्यंत ऐकल्या, मला चहा दिला आणि म्हणाल्या, "अटी नकोत गं. त्यांनी स्वतः यावं आणि नुसतं 'चल' म्हणावं."

भाऊजींना हे सांगितलं, तर म्हणाले, "किल्ल्यात गेलेला गव्हर्नर कैद होतो."

"भाऊजी, देवळाली आहे ती. फार तर जेवायला घालतील."

ते हसले, पण गेले नाहीत. एक दिवाळी गेली, दुसरीही गेली. मी दोघांशीही बोलून पाहिलं आणि सोडून दिलं. मला माझा संसार होता.

वहिनींना अर्धांगवायूचा झटका आल्याचा फोन आला, तेव्हा भाऊजी रिक्षा करून धावले. पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला होत्या. खाटेशी उभं राहून ते 'चल' म्हणाले. वहिनींची वाचा गेली होती. त्यांनी डोळे मिटले. तोच होकार धरून आम्ही त्यांना घरी आणलं.

आता त्या घरात भाऊजींचाच हुकूम चालतो. रोज सकाळी पिशवी घेऊन ते वहिनींसमोर उभे राहतात आणि सांगतात, "आज कारली आणतो." वहिनींनी कारलं कधी घरात येऊ दिलं नव्हतं. एवढं बोलून ते थांबतात. बराच वेळ थांबतात. वहिनी नुसत्या पाहत राहतात. मग ते पिशवी परत खुंटीला अडकवतात.