मातीची बाई पुढे सरकते

संग्रहालयात तिला सगळे हळूबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. मोडलेल्या वस्तू जोडणं हे तिचं काम, आणि त्या मोडूच नयेत म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला "हळू, हळू" करणं ही तिची सवय. घरी नवरासुद्धा दार लावताना आधी तिच्याकडे बघायचा.

शेजारच्या जागेत खांब ठोकायचं यंत्र आलं आणि तिची झोप उडाली. तिकडे ठोका पडला की इकडे काचेची कपाटं बारीक थरथरायची. तिचा सगळा जीव कडेवर मूल घेतलेल्या मातीच्या बाईत. उंची वीतभर, वय विचारू नये इतकं, आणि बुडाशी तिला फळीला धरून ठेवणाऱ्या मेणाच्या छोट्या गोळ्या. त्या मेणाच्या जोरावर मूर्तीने बरेच हादरे पचवले होते.

पण पुस्तिकेसाठी फोटो काढायचं ठरलं आणि संचालकसाहेबांना ते मेण खुपलं. "घाण दिसतं, काढा." फोटो झाले तरी मेण परत लावू देईनात. तिने गुपचूप लावलं, तर या गृहस्थाने स्वतःच्या नखाने खरवडून काढलं. "एक तरी वस्तू जागची हलली का? दाखवा, मग बोलू."

ती रोज बघायची. बाई आपली जागच्या जागी. साहेब चारचौघांत म्हणाले, "आमच्या बाईंना चहाच्या कपातसुद्धा भूकंप दिसतो." सगळे हसले. हसणाऱ्यांना काय जातंय?

मग दालनाचे रखवालदार काका रजा घेऊन लेकीकडे गेले. ते परतायच्या आदल्या दिवशी मातीची बाई कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली पडली.

तुकडे बघून काका रडायलाच लागले. "माझंच चुकलं, ताई. रजेवर जायलाच नको होतं."

"तुमचा काय संबंध, काका?"

"अहो, रोज सकाळी ती थोडी पुढे आलेली असायची. मी पुसता पुसता मागे सारून ठेवायचो, फोटोत आहे तश्शी. म्हटलं, कुणाचा तरी धक्का लागत असेल. नीटनेटकं दिसलेलं बरं."

हळूबाईने कपाळावर हात मारून घेतला. क्षणभर तिला काकांचा संताप आला. पण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपलं काम जिवापाड केलं होतं. ती तुकड्यांची डबी घेऊन तडक साहेबांकडे गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे काकांचा हलगर्जीपणा. त्यांना जाब विचारतो. तुम्ही मात्र लवकर जोडून टाका, तडा दिसता कामा नये."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं मोठं पाप, आणि ते गरिबाच्या गळ्यात बांधून हा माणूस मोकळा! तिने हातातली डबी उघडली आणि कडेवरून सुटलेलं ते मातीचं मूल टेबलाच्या काचेवर, अगदी काठापाशी ठेवलं. खाली स्वतःची ओंजळ धरली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

शेजारी ठोका पडला. मूल जरासं सरकलं. पुन्हा ठोका, पुन्हा सरकलं. साहेब पुढे वाकले. मूल काठाबाहेर डोकावलं तसा त्यांनी झटकन पंजा त्याच्यावर दाबून धरला.

"काढा हात," हळूबाई म्हणाली. "काही हलत नाही ना? मग काढा."

साहेबांनी हात काढला नाही.