फवारा, लांबडी आणि बोडीतलं जाळं

आरमोरीच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत कोमल माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या बाबांनी अट घातली होती: तीन पोरांसोबत चंद्रपूरला एकटीनं जायचं नाही, आई सोबत येईल. एकोणीस वर्षांच्या मुलीला खेळायला जाताना आई सोबत घ्यायची लाज वाटणारच. मलाही वाटत होती. मी खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले.

वैनगंगेच्या पुलावर उजाडलं. खाली पाण्यात दोन डोंगे (एका लाकडातून कोरलेल्या होड्या) उभे होते. डोंगा दिसला की मला माझ्या बाबांची पाठ दिसते. ते समोर उभं राहून बांबूनं डोंगा ढकलायचे आणि मी मागे बसून डब्यानं पाणी उपसायचे. आमचं गाव तलावाचं. सगळं आयुष्य त्या एका तलावाभोवती होतं आणि आम्हाला ते लहान वाटत नव्हतं.

ब्रह्मपुरीला बाकीचे तिघं भेटले. साहिल हा त्यांचा म्होरक्या. त्याचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. सुखदेव एटापल्लीकडचा, कॉलेजसाठी खोली करून राहतो. गोलू ब्रह्मपुरीचाच, त्याचं तोंड कधी बंद नसतं. कोमल त्यांच्याच कॉलेजात आहे. हे चौघे मोबाईलवर जो खेळ खेळतात त्यात चार-चार जणांचे संघ एका बेटावर उतरतात, घरांच्या आणि झाडांच्या आडून एकमेकांवर बंदुका चालवतात आणि शेवटी जो संघ उरतो त्यानं डाव जिंकला. चंद्रपूरला त्याची स्पर्धा होती. पाच डाव खेळायचे, पाचांचे गुण मिळवायचे, आणि वरचे तीन संघ नागपूरला जाणार.

मूलच्या बसमध्ये जागा मिळताच भांडण सुरू झालं. पंधरा दिवसांपूर्वी त्या खेळात एक नवी बंदूक आली होती. फवारणीच्या पंपासारख्या गोळ्या उडवते म्हणून इकडच्या सगळ्या पोरांनी तिला फवारा नाव दिलं होतं. कोमलची जुनी बंदूक लांबडी. ती दुरून एकेक गोळी मारते.

"कोमल, आखरी बार बोलतो. फवारा घे," साहिल म्हणाला.

"मले नाई जमत. धरली का वर उडते."

"पंधरा दिवस झाले यार. जमवाले पाह्यजे होती."

"तुले पंधरा दिवसांत जमली म्हून मी दोन वर्षांची लांबडी फेकून देऊ?"

गोलू मध्ये पडला. "फवारा म्हणजे लय सोपं काम. डोळे मिटून दाबा, समोरचा आडवा."

"म्हूनच तर थोड्या दिवसांत तिचा जोर कमी करतीन," सुखदेव म्हणाला. तो हळू बोलतो. "नवीन बंदूक अशीच येते. पहिले जोरदार. मंग लोकं बोंबलले का कमजोर. पण आज तिच्यात जोर आहे, आन आपल्याले आजच खेळायचं आहे." त्याच्या गावात मोबाईलची रेंज फक्त एका चिंचेखाली येते. सुट्टीत तो त्या चिंचेखाली उभा राहून फवारा शिकला होता.

साहिलनं मग खरी गोष्ट सांगितली. "माह्या मामाचा पोरगा चंद्रपूरलेच राह्यते. त्याले फवारा येते. त्याचं नाव जादाचा खेळाडू म्हून देऊन ठेवलं आहे. तुह्यानं नाई झालं तर तुह्या खुर्चीवर तो बसन."

कोमलचा चेहरा उतरला. ती नखानं मोबाईलच्या मागचं कव्हर खरवडत बसली. दोन वर्षं घरचं सगळं काम आटपून, बाबांची बोलणी खाऊन ती या चौघांत टिकली होती.

मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. पण तोंडातून निघून गेलं. "आमच्या गावी नवं जाळं पहिल्या वर्षी मोठ्या तलावात टाकत नव्हते."

चौघंही माझ्याकडे वळले. माझे कान तापले. पण आता थांबताही येईना. मी सांगितलं की नवं जाळं आधी वर्षभर बोडीत (शेताजवळच्या लहान तळ्यात) वापरायचे. सगळा गाव मिळून तलाव धरायचा, मासळी काढायचा, त्या दिवशी जुनं, सवयीचं जाळंच बाहेर निघायचं. "ज्या जाळ्याची ओळख नाई त्याले मोठ्या दिवशी हात लावू नये, असं माह्ये बाबा म्हणत."

"काकूनं डायलॉग मारला!" गोलू ओरडला. पुढच्या सीटवरचे लोकही वळून पाहू लागले.

साहिलनं कोमलच्या मोबाईलकडे पाहिलं. "ठीक आहे काकू. पहिले तीन डाव लांबडी. मंग पाहू."

कोमलनं सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मला इतका आनंद झाला की सिंदेवाहीचं जंगल कधी मागे गेलं ते समजलं नाही.

मूलला गाडी बदलली. स्टँडबाहेर पोहे खाल्ले, वरून लाल तर्री (तेलाचा तिखट रस्सा). पुढचा रस्ता सागाच्या जंगलातला. रस्त्याच्या कडेला वाघापासून सावध राहण्याच्या पाट्या होत्या.

"समोर वाघ आला तर फवारा का लांबडी?" गोलूनं विचारलं.

"आमच्याकडं गुमान उभं राह्यतेत," सुखदेव म्हणाला.

चंद्रपूर आधी नाकाला कळतं. कोळशाचा वास येतो, मग लांबवर वीज केंद्राची धुराडी दिसतात. जटपुरा गेटच्या कमानीत आमचा ऑटो अडकला. समोरून दुसरा ऑटो, मध्ये एक गाय, आणि वर किल्ल्याचा जुना दगड शांतपणे सगळं पाहत होता.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर मोठा पडदा लावला होता. खाली खुर्च्यांच्या रांगा, सगळीकडे वायरी, आणि कानाला यंत्रं लावलेली पोरं. साहिलच्या मामाचा मुलगा आधीच येऊन मागे बसला होता. माझ्या शेजारी बल्लारपूरच्या संघातली एक मुलगी बसली.

"काकू, तुम्ही कोणाच्या?"

मी बोटानं कोमल दाखवली.

"तिच्याकडं लांबडी आहे? बापरे, आजकाल कोण घेते? मीही पहिले तेच घेत होती. फवारा आला आन खेळाचा सत्यानाश झाला. पहिले नेम लागत होता, आता नुसतं बोट लागते."

तिच्या मागून तिचाच जोडीदार म्हणाला, "हरली का म्हणते सत्यानाश झाला. जिंकली का म्हणते काय बंदूक आणली!" तिनं त्याला कोपर मारलं.

पहिल्या डावात कोमल दूरच्या छपरावर चढून बसली. तिनं दोघांना टिपलं. पण तेवढ्यात दुसरा संघ फवारे घेऊन घरात घुसला आणि आमचे तिघं पडले. ती एकटी उरली आणि मेली. दुसरा डाव तसाच गेला. तिसऱ्यात जिन्यावर तिच्यासमोर एक जण आला. तिची एक गोळी चुकली. दुसरी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळं संपलं. पडद्यावर संघांची यादी लागली, त्यात आम्ही खालून तिसरे होतो.

मधल्या सुट्टीत पोरांनी सांभारवड्या (कोथिंबिरीचं सारण भरलेल्या तळलेल्या वड्या) आणल्या. कोमलनं हात लावला नाही. साहिल मागे जाऊन मामाच्या मुलाशी बोलत होता.

"आबाजीचा नियम तर खरा होता ना, आई?" तिनं विचारलं. माझ्या बाबांना ती आबाजी म्हणते.

मी वडी खाली ठेवली. नियम खरा होता. पण त्याचं एक टोक मी बसमध्ये सांगितलं नव्हतं.

माझ्या लहानपणी बाबा सुताचं जाळं विणायचे. ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा अंगणात मोठ्या गंजात (पातेल्यात) उकळायचा. त्यात जाळं बुडवलं की सगळ्या घराला तुरट वास यायचा, माझ्या केसांनाही. नवं सूत पाण्यात फुगतं, गाठी सरकतात. म्हणून ते वर्षभर बोडीत वापरून गाठी बसू द्यायच्या. मग वडशाच्या बाजारातून बाबांनी पहिलं नायलॉनचं जाळं आणलं. त्यांनी तेही काढ्यात घातलं आणि वर्षभर बोडीत ठेवलं. नायलॉन फुगत नाही, रंगही धरत नाही. त्या वर्षी तलाव धरला तेव्हा दुसऱ्या घरांची नायलॉनची जाळी भरून आली. आमच्या सुताच्या जाळ्यात मूठभर मासळी. मी बांधावर बसले होते आणि मला वाटत होतं की बाबाच बरोबर आहेत. अजूनही ते वर्ष आठवलं की मला तो वासच आठवतो, मासळी आठवत नाही.

हे सगळं मी कोमलला सांगितलं.

"नायलॉन भिजत घातलं?"

"घातलं."

"एक वर्ष?"

"एक वर्ष."

ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "हे बसमध्ये काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं, तुह्या बाजूनं बोलावं."

"बोलली ना माह्या बाजूनं. पाह्य आता, माह्या खुर्चीवर तो बसन."

मी उठले. इतक्या अनोळखी पोरांमधून चालत जाणं मला फार लांब वाटलं. साहिलला म्हटलं, "तो नियम सुताच्या जाळ्याचा होता. मी अर्धाच सांगतला. चूक माह्यी आहे, तिची नाई."

त्याला किती समजलं कोण जाणे. तो म्हणाला, "ठीक आहे काकू. एक डाव तिले फवारा देऊ."

चौथ्या डावात कोमलनं फवारा घेतला. तो वर उडाला आणि सगळ्या गोळ्या छताला लागल्या. आमच्यात सगळ्यात आधी तीच पडली. मामाचा मुलगा उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

कोमल उठली नाही. "साहिल, आयक. सुताच्या गाठी सरकत होत्या म्हून ते भिजवत होते. लांबडीची गाठ कुठी सरकते? घरात, जवळ आल्यावर. दुरून नाई सरकत. मी दुरून लांबडीच चालवीन. घरात शिरायची पाळी आली का मेलेल्याचा फवारा उचलीन."

"दोन दोन बंदुका? जड होते. पळता येत नाई."

"मी कधी पळते?"

"हे मात्र खरं आहे," गोलू म्हणाला. "ही कधीच पळत नाई."

सुखदेव हसला. साहिलनं मामाच्या मुलाकडे पाहिलं, मग कोमलकडे. "बस," तो तिला म्हणाला.

पाचवा डाव मी उभ्यानंच पाहिला. कोमलनं डोंगरावरून तिघांना टिपलं. आमचे तिघं फवारे घेऊन पुढे गेले. शेवटी एकच घर उरलं. तिनं दारातल्या मेलेल्या गड्याचा फवारा उचलला आणि या वेळी जमिनीकडे धरून चालवला, म्हणजे वर उडाला तरी छातीवर बसेल. पडद्यावर जिंकलेला संघ म्हणून आमचं नाव आलं. बल्लारपूरच्या मुलीनं माझा हात दाबला.

पण गुण पाच डावांचे होते. जिंकलेल्या डावाचे गुण मोठे होते, तरी सगळे मिळवून आम्ही चौथे आलो. नागपूरला तीनच संघ जाणार होते.

बाहेर पडताना मामाच्या मुलानं विचारलं, "पुढच्या खेपेले मले बोलावणार का?"

"पुढच्या खेपेले हीच चार नावं," साहिल म्हणाला. "कोणं कोणती बंदूक घ्यायची ते कोमल सांगन."

परतीच्या बसमध्ये पोरं झोपली. मूलच्या पुढे धानाच्या बांध्यांमध्ये (शेतांच्या लहान तुकड्यांमध्ये) पाणी उभं होतं, त्यात संध्याकाळ उतरली होती. कोमलनं विचारलं, पुढच्या वर्षी आबाजी काय म्हणाले? काहीच नाही, मी सांगितलं. ते नायलॉनचं जाळं मोठ्या तलावात टाकलं, भरून आलं, आणि चुकलो असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आम्हीही विचारलं नाही.

बाबांचं त्या नियमात एक वर्ष गेलं. कोमलचे तीन डाव गेले आणि त्या तीन डावांत नागपूर गेलं. ते माझ्या बोलण्यानं गेलं, हे तिलाही माहीत आहे. मला बाबांचे जुने दिवस इतके गोड लागतात की मी त्यांतलं कडू बाजूला काढून ठेवते, आणि ते काढलेलं मलाच दिसत नाही.

ब्रह्मपुरी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या खेपेले येशील ना?"

"येईन. गप्प बसून राहीन."

"नाई," कोमल म्हणाली. "बोलजो. पण पुरं बोलजो."