शेजारच्या घरातलं राहिलेलं सुतक

कार्डिफला आमच्या भिंतीला भिंत लागून एका आयरिश बाईचं घर होतं. साठी उलटलेली, लग्न न केलेली, एकटी. मी तोंडाची फटकळ आणि ती माझ्याहून वरचढ, म्हणून आमचं जमलं. माझ्या फोडणीच्या वासाने तिचे पडदे खराब होतात असं म्हणायची, आणि शनिवारी पोह्यांची बशी हक्काने घेऊन जायची. मुलं तिला आजी म्हणत, ती आम्हा सगळ्यांना 'लव' म्हणे.

तिचे वडील कॉर्कहून कोळशाच्या रिकाम्या जहाजातून इकडे आले आणि जन्मभर डॉक्समध्ये कोळसा उपसत राहिले. थोरला भाऊही त्याच कोळशात. जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामावर. दुसऱ्या महायुद्धात जहाज बुडालं आणि घरी तार आली: बेपत्ता. ही तेव्हा शाळकरी पोर. रडायला लागली तशी आईने फाडकन मुस्काटात मारली. "बेपत्ता म्हटलंय, मेला म्हटलेलं नाही. या घरात कोणी रडायचं नाही." चर्चमध्ये त्याच्यासाठी मृतांची प्रार्थना नाही, काळे कपडे नाहीत. लढाई संपली, त्या जहाजावरचं कोणीच परतलं नाही, तरी आईचा हेका सुटला नाही. पुढे वडील गेले, आई गेली. आईचा हुकूम मात्र घरात तसाच राहिला.

"आणि तुम्ही अजून तो पाळताय?" मी एकदा चिडून म्हटलं. "अहो, आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग त्याचे दिवस घालून मोकळे होतात. देवसुद्धा त्याहून जास्त वाट बघ म्हणत नाही!" पोह्यांत मिरची जास्त झालीय, एवढंच ती म्हणाली.

नव्वद सालच्या सुमारास तिचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. आमचे हे हॉस्पिटलात डॉक्टर. तिने त्यांना सरळ विचारलं आणि ह्यांनीही लपवलं नाही, धोका होता. त्या संध्याकाळी ती माझ्या किचनमध्ये येऊन बसली.

"मी टेबलावरून उठलेच नाही, तर त्याला ओळखणारं कोणी उरत नाही," ती म्हणाली. "माझा सख्खा भाऊ. त्याच्यासाठी डोळ्यांतून एक टिपूस न काढता मरायचं का मी?" मग स्वतःच ठरवून टाकलं. "शनिवारी त्याचा वेक करते. तू ये."

वेक म्हणजे काय, मी विचारलं. माणूस गेला की सगळे त्याच्या घरी जमतात, ती म्हणाली. एवढं मला पुरे होतं. दुःखाचं घर ते दुःखाचं घर! तिथे चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, हे मला कोणी शिकवायला नको होतं. साधी पांढरी साडी नेसले आणि दोन पातेली घेऊन, मान खाली घालून गेले.

आत बघते तर काय, सगळी चर्चमंडळी हातात व्हिस्की घेऊन खिदळतायत! एक म्हातारा फिडल वाजवतोय, टेबलावर हॅम सँडविचेस आणि केक. माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून एकाने तर, "लग्नाहून आलात का?" असं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही त्यांची रीत आहे हे मला नंतर कळलं. पण तेव्हा एकच दिसत होतं, की त्यातल्या एकानेही त्या मुलाला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि ज्या एकटीने पाहिलं होतं ती सगळ्यांचे ग्लास भरत फिरत होती. डोळे कोरडे ठणठणीत.

मी तिचा दंड धरला आणि किचनमध्ये नेऊन बसवलं.

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"भूक नाही, लव."

"भूक नसतेच. तरी खायचं असतं."

पिठलं-भात हातानेच कालवला आणि घास तिच्या तोंडापुढे धरला. अशा वेळी आमच्या बायका जे म्हणतात ते इंग्रजीत कसं म्हणायचं सुचेना, म्हणून मराठीतच म्हटलं, "घ्या, दोन घास खाऊन घ्या. जाणारा गेला हो."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. जिच्या घरचं माणूस गेलंय तिला आम्ही असं भरवतो."

तिने घास घेतला. तो तिला गिळता येईना. हनुवटी थरथरायला लागली, तशी तिने तोंडावर हात दाबून धरला. बाहेर कोणीतरी गाणं सुरू केलं होतं. माझ्या खरकट्या हाताचं मनगट तिने घट्ट पकडलं, दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "आता रडले तर चालेल?"

"रडा," मी म्हटलं. "मोठ्याने रडा. कोण अडवतंय तेच बघते मी."