व्हिडिओतली गुलाबी पापणी

"ॲप म्हणतंय रक्त चांगलंय. माझं मशीन म्हणतंय सात. आता ह्या बाईला मी काय सांगू, मॅडम?"

सिस्टरनी हे मला सगळ्यांसमोर विचारलं. भूमकडच्या ईट गावाजवळच्या एका वाडीवर, अंगणवाडीच्या खोलीत आमचा कॅम्प चालू होता. बाईच्या अंगात रक्त कमी आहे का, हे सुई न टोचता सांगणारं ॲप आमच्या कंपनीनं बनवलं होतं. खालची पापणी बोटानं ओढायची, फोननं तिचा छोटा व्हिडिओ घ्यायचा. पापणीच्या आतल्या बाजूचा रंग बघून ॲप खूण दाखवतं. लाल खूण म्हणजे रक्त कमी, दवाखान्यात जा. हिरवी म्हणजे ठीक, घरी जा.

मी त्या टीममध्ये प्रोग्रामर. कंपनी पुण्याची, पण मी भूममधून, घरूनच काम करते. कॅम्प जवळच होता म्हणून बघायला गेले होते. मला कुणी पाठवलं नव्हतं.

समोर खुर्चीत शीतल बसली होती. पाचवा महिना. ओठ पांढरे पडलेले. ॲपनं तिला हिरवी खूण दिली होती. सिस्टरना ते पटेना. त्यांच्याकडं बोटाला टोचून रक्त मोजायचं छोटं मशीन होतं, पण पट्ट्या मोजक्याच, म्हणून त्या प्रत्येकीला टोचत नव्हत्या. शीतलला टोचलं. सात आलं. गरोदर बाईला अकराच्या वर लागतं.

"तुला काय होतंय?" मी विचारलं.

"लई दम लागतोय ओ. हंडा उचलला की डोळ्यापुढं अंधारी येती."

तिची सासू मागं उभी होती. "मोबाईल चांगलं म्हणतोय की, मॅडम. मग हिला काय झालंय? नुसतं कामाचा आळस."

आमच्या हिरव्या खुणेचा असा उपयोग होणार, हे पुण्याच्या कुठल्याही मीटिंगमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, मोबाईल चुकलाय," मी म्हणाले. "मी बनवणाऱ्यांतलीच आहे. मी सांगते, चुकलाय."

मी पुन्हा व्हिडिओ घेतला. पुन्हा हिरवी. खिडकीपाशी नेऊन घेतला. हिरवीच. मग व्हिडिओऐवजी साधा फोटो काढला आणि तो ॲपला दिला. लाल. पापणी तीच, उजेड तोच, फोन तोच.

पहिल्यांदा आमचं ॲप फोटोवरच चालायचं. हात हलला की फोटो पुसट यायचा, म्हणून नंतर व्हिडिओ आणला. व्हिडिओतली सगळ्यात स्पष्ट फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक सुटं चित्र, ॲप निवडतं आणि तपासतं. कल्पना चांगली होती. बिघाड झाला होता तो मधे कुठंतरी.

"सिस्टर, कॅम्प थांबवा," मी म्हणाले. "आणि आजच्या हिरव्या खुणा कुणी खऱ्या धरू नका."

सिस्टरनी शीतलला कॅम्पच्या जीपनं भूमच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. सासूही गेली. मी मॅनेजरला फोन लावला. त्याचं नाव निखिल.

"कॅम्प थांबवलास? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"असं चालत नाही, मनीषा."

"चालत नाही ते ॲप, निखिल. कॅम्प बरोबर चालला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भूमच्या हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीच्या रंगाचं शेड कार्ड आणलं. फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत चौकोनच चौकोन. दुकानदारानं विचारलं, कुठली खोली रंगवताय? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. घरी येऊन, कॅम्पमधून मागून आणलेल्या फोननं कार्डाचा फोटो काढला, मग व्हिडिओ. दोन्ही ॲपमधून काढून स्क्रीनवर शेजारी ठेवले. फोटोतला फिकट चौकोन व्हिडिओत चक्क पुढच्या शेडचा दिसत होता. सगळंच जास्त रंगीत. बघायला सुंदर.

आता थोडं तांत्रिक सांगते, पण सोपं आहे.

कॅमेरा व्हिडिओची फ्रेम लाल-हिरवा-निळा अशा आकड्यांत देत नाही. तो उजेड वेगळा ठेवतो आणि रंग वेगळा. उजेड प्रत्येक ठिपक्याचा, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. जागा वाचते, आणि आपल्या डोळ्याला फरक कळत नाही. आमच्या मॉडेलला, म्हणजे ॲपच्या रंग ओळखणाऱ्या भागाला, लाल-हिरवा-निळाच लागतो. म्हणून मधे एक कोड असतो. तो उजेड आणि रंग घेऊन लाल-हिरवा-निळा काढून देतो. ह्यालाच कन्व्हर्जन म्हणतात. फोटो ह्या कोडमधून जात नव्हता, म्हणून तो बरोबर होता.

गोम पुढं आहे. हे आकडे लिहायच्या दोन पद्धती आहेत. टीव्हीच्या पद्धतीत काळा सोळाला सुरू होतो आणि पांढरा दोनशे पस्तीसला संपतो. दोन्ही टोकांना थोडी जागा मोकळी. दुसऱ्या पद्धतीत शून्य ते दोनशे पंचावन्न, सगळी पट्टी वापरलेली. पहिली पद्धत असेल तर कन्व्हर्ट करताना आकडे ताणून सगळ्या पट्टीभर पसरावे लागतात. दुसरी असेल तर ताणायचे नाहीत. कॅम्पमधला फोन पूर्ण पट्टीच देत होता, आणि आमचा कोड काही न विचारता सरसकट ताणत होता. साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घालावी तसं. फिकट पापणी गुलाबी होत होती. रक्त नसलेल्या बाईला आमचा कोड रक्त देत होता, फक्त स्क्रीनवर.

हे आधी कळलं कसं नाही? ऑफिसात व्हिडिओच्या सगळ्या टेस्ट आमच्याच लोकांच्या पापण्यांवर झाल्या होत्या. कॅन्टीनमध्ये दोनदा जेवणारी माणसं ती. त्यांना हिरवी खूण येणारच होती.

मी निखिलला व्हिडिओ कॉलवर दोन्ही चित्रं दाखवली. त्याला कळायला वेळ लागला नाही. हुशार आहे तो.

"कन्व्हर्जनला हात लावू नकोस," तो म्हणाला. "तो कोड आपल्या तीन प्रॉडक्टमध्ये आहे. बदलला की सगळ्यांची टेस्टिंग परत. पुढच्या आठवड्यात क्लायंटचा रिव्ह्यू आहे. तू फक्त कटऑफ वर ने."

कटऑफ म्हणजे पापणीची लाली ज्या आकड्याखाली गेली की लाल खूण येते, तो आकडा. तो वाढवला की शीतलला लाल खूण आली असती. माझं काम संपलं असतं.

"ते पण चुकेल," मी म्हणाले. "काही फोन टीव्हीच्या पद्धतीनं देतात. त्यांचं कन्व्हर्जन आत्ता बरोबर होतंय. कटऑफ वाढवला की त्या फोनवर धडधाकट बायकांना लाल खूण येईल. दोनदा उगाच दवाखान्यात गेल्या की तिसऱ्यांदा कुणी जाणार नाही."

"कॅम्पचे सगळे फोन एकाच मॉडेलचे आहेत."

"आज आहेत."

"मनीषा, फील्डवरच्या एका केसवरून प्रॉडक्ट बदलत नसतात. तू तिकडं भूममध्ये बसून—"

"भूममध्ये बसले म्हणूनच सापडलं. कटऑफ मी बदलणार नाही. दुसऱ्या कुणाला सांग, आणि त्याच्या नावावर टाक."

तो म्हणाला, "रिव्ह्यूला तू बोलायचं नाहीस. मी बोलेन."

"बघू," मी म्हणाले.

पप्पा पलीकडं पेपर वाचत होते. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. कॉल बंद झाल्यावर म्हणाले, "साहेबाशी असं बोलतात व्हय?"

"तुम्ही डेपो मॅनेजरशी कसं बोलायचात?"

त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

रिव्ह्यूच्या कॉलवर क्लायंटच्या, म्हणजे हे कॅम्प भरवणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टर मॅडम होत्या. निखिलनं सुरुवात केली. किती गावं झाली, बायकांचा प्रतिसाद कसा आहे, फोटोपेक्षा व्हिडिओ किती सोपा पडतो. मग म्हणाला, फील्डवर एक छोटा रंगाचा इश्यू दिसलाय, ट्यूनिंग चालू आहे.

मी माईक चालू केला.

"मॅडम, मी मनीषा, ह्याच टीममधली. एक मिनिट स्क्रीन शेअर करते."

"मनीषा, नंतर," निखिल म्हणाला.

मी शेअर केली होती. दोन पापण्या शेजारी शेजारी. शीतलला विचारूनच दाखवत होते, आणि नाव, चेहरा काहीच दिसत नव्हतं.

"ह्यातली कुठली बाई ॲनिमिक वाटते, मॅडम?"

त्या पुढं वाकल्या. "डावी. उजवी ठीक आहे."

"दोन्ही एकाच बाईच्या आहेत, लागोपाठ घेतलेल्या. डावा फोटो आहे, उजवी व्हिडिओची फ्रेम. रक्त सात निघालं. ॲप उजवी बघतं."

निखिलनं कॅमेरा बंद केला.

"मग आतापर्यंतचे रिझल्ट?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"व्हिडिओवर मिळालेली एकही हिरवी खूण मी खरी धरणार नाही. त्या सगळ्या बायकांना परत बोलवावं लागेल. सुईनं तपासावं लागेल."

"हे कंपनीचं म्हणणं आहे का तुमचं?"

"माझं आहे. कंपनीचं निखिल सांगेल."

निखिलला कॅमेरा चालू करावा लागला. तो म्हणाला, कंपनीचंही तेच म्हणणं आहे. बोललेलं परत घ्यावंसं मला एकदाही वाटलं नाही.

व्हिडिओचे कॅम्प बंद झाले. संस्थेनं पट्ट्या पाठवल्या, सिस्टरांनी गावोगाव बायकांना परत बोलावलं. हिरव्या खुणेवर घरी गेलेल्या कितीतरी जणींचं रक्त कमी निघालं. एकीला तर लगेच ॲडमिट करावं लागलं. शीतलला दवाखान्यात शिरेतून लोह दिलं. मी भेटायला गेले तेव्हा सासू शेजारी बसून तिला मोसंबी सोलून देत होती.

कोड दुरुस्त करायला फार वेळ गेला नाही. फ्रेम स्वतःच सोबत सांगते की ती कुठल्या पद्धतीची आहे. आधी ते वाचायचं, मग ताणायचं की नाही ते ठरवायचं. काही फोन तेही खोटं सांगतात, म्हणून प्रत्येक कॅम्पच्या सुरुवातीला रंगाच्या कार्डाचा व्हिडिओ घेऊन तपासणी लावली. बाकीच्या दोन प्रॉडक्टची टेस्टिंगही करावी लागली. त्यातल्या एकात हाच घोळ होता.

वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढं लिहून आलं की कम्युनिकेशनमध्ये सुधारणा हवी. खाली उत्तराची जागा होती. मी लिहिलं, "कम्युनिकेशन झालं, म्हणूनच चुकीचं काम थांबलं. सुधारणा होणार नाही." मला त्या प्रॉडक्टवरून काढलं आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर टाकलं. तिथं पापण्या नाहीत. काम ठीक आहे.

ह्या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. कन्व्हर्जनचा कोड चुकला तरी एरर देत नाही. चित्र देतो, आणि पुष्कळदा छान चित्र देतो. दिसतंय की व्यवस्थित, असं कुणी म्हणालं तर विचारा, मूळ रंगाशी ताडून बघितलं का? समोरचा चिडला, तर समजा, बघितलेलं नाही. मग तुम्ही बघा, आणि माईक चालू करा.